पाणी ओसरल्यानंतरचा ऑगस्ट

२६ जुलै २००५च्या पावसाने मुंबईत किती माणसे नेली, याचे सरकारने दिलेले आकडे दोन आहेत. पुराच्या लोंढ्यात आणि दरडींखाली ४१९ जण गेले, हा पहिला. पुरानंतर आलेल्या आजारांनी आणखी २१६ जण गेले, हा दुसरा. जुलै संपत आला की वर्तमानपत्रे त्या दिवसाची छायाचित्रे पुन्हा छापतात: पाण्यात अडकलेल्या बेस्टच्या बस, दोरी धरून छातीभर पाण्यातून चाललेली माणसांची रांग, धावपट्टी दिसेनाशी झालेला विमानतळ. त्या छायाचित्रांत पहिल्या आकड्याची गोष्ट आहे. दुसऱ्या आकड्यातली बहुतेक माणसे त्या दिवशी पाण्यातून वाचली होती. कुणाच्या आईने, कुणाच्या बायकोने दार उघडून 'आलात बाई एकदाचे' म्हटले होते. त्यांनी अंघोळ केली, चहा घेतला, दुसऱ्या दिवसापासून घरातला गाळ उपसला, आणि आठदहा दिवसांनी त्यांना ताप भरला. शहरातल्या दर तीन पूरबळींमागे एक असा आहे, आणि त्याचा शेवट रस्त्यावर नाही, रुग्णालयाच्या खाटेवर झाला आहे.

पावसाबद्दल थोडक्यात, कारण तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवारी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास पावसाने जोर धरला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम ७३. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसाला उपनगरांत काय चालले आहे याची कल्पनाच येईना. शहराची पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ब्रिटिश काळातली, तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल असे धरून बांधलेली, आणि तीही ओहोटी असेल तरच पाणी नीट सोडणारी. त्या दुपारी समुद्राला मोठी भरती होती. विहार आणि पवईच्या तलावांकडून निघून साकीनाका, कुर्ला, कलिना करत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी आधीच भराव घालून आक्रसलेली होती. ती आपल्या जुन्या जागेवर परत आली आणि त्या जागेवर आता लाखो लोकांची घरे होती. लोकल बंद पडल्या. माणसे चालत निघाली. कुणी अंधेरीहून बोरिवलीला, कुणी शीवहून मुलुंडला; कुणी आठ तास, कुणी रात्रभर.

आजाराच्या इतिहासात हे चालणेच महत्त्वाचे आहे. एरवी सांडपाण्यातून होणारे रोग झोपडपट्टीतल्या माणसाला गाठतात आणि बाकीचे शहर त्यांच्याकडे पाठ फिरवू शकते. त्या रात्री बँकेतला कारकून, महाविद्यालयातली मुलगी, शाळेतून मुलाला खांद्यावर घेऊन निघालेला बाप आणि फेरीवाला एकाच पाण्यातून गेले. त्या पाण्यात गटारे होती, तबेल्यांतले शेण होते, कचराकुंड्या होत्या, आणि बिळे बुडाल्यामुळे बाहेर पडलेल्या उंदीर-घुशींचे मूत होते. चपला पहिल्या अर्ध्या तासातच वाहून गेल्या. पाण्याखालचा रस्ता दिसत नव्हता. अनवाणी पायाला दगड, पत्रा, काच जे लागेल ते लागत होते.

पाणी उतरल्यावर पहिली काळजी होती ती मेलेल्या जनावरांची. शहरात सुमारे १६ हजार गुरे दगावली. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांतल्या म्हशी खुंट्याला बांधलेल्या जागीच बुडाल्या होत्या. वास असह्य होता आणि लोकांना वाटत होते की रोगराई येणार ती या मढ्यांमधून. मढी उचलणे अर्थातच गरजेचे होते. पण पुढच्या महिन्यात ज्या आजाराने वॉर्ड भरले त्याला मेलेल्या जनावराची गरज नव्हती. त्याचा जंतू जिवंत उंदराच्या, जिवंत गुराच्या, कुत्र्याच्या मूत्रपिंडात राहतो. जनावराला त्याचा फारसा त्रास नसतो. ते हिंडते, खाते, आणि लघवीवाटे महिनोन्‌महिने जंतू सोडत राहते.

पुरानंतरच्या आजारांना स्वतःचे वेळापत्रक असते. संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात काम केलेल्या परिचारिकेला ते तोंडपाठ असते. पहिल्या दोनतीन दिवसांत जुलाब-उलट्या सुरू होतात, कारण पिण्याच्या पाण्याचे नळ आणि गटारे मुंबईत शेजारी शेजारी धावतात. नळाला चोवीस तास दाब नसतो. पाणी गेलेले असते तेव्हा फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. आठवडा-दोन आठवड्यांनी लेप्टोस्पायरोसिसचे (थोडक्यात लेप्टोचे), म्हणजे जनावरांच्या लघवीतून येणाऱ्या त्या आजाराचे, तापकरी येतात. त्यानंतर, लोंढ्याने आधी वाहून नेलेल्या डासांच्या अळ्या साचल्या पाण्यात पुन्हा वाढल्या की, डेंगी आणि हिवताप. सगळ्यांत शेवटी, महिना-सव्वा महिन्याने, जेव्हा पूर हा विषय वर्तमानपत्रांतून केव्हाच गेलेला असतो, तेव्हा काविळीचे रुग्ण येऊ लागतात. २००५चा ऑगस्ट असाच उलगडला. केईएम, नायर, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि साथीच्या रोगांसाठीच असलेले चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय तापाच्या रुग्णांनी भरून गेले. खाटा संपल्या की खाटांच्या मधल्या जागेत गाद्या पडतात. पालिकेच्या रुग्णालयांत ही पावसाळ्यातली नेहमीचीच गोष्ट आहे, पण त्या वर्षी व्हरांडेही पुरेनात.

ताप सगळ्यांनाच होता. अडचण तिथेच होती. ऑगस्टमधल्या मुंबईत हिवताप, डेंगी, लेप्टो आणि विषमज्वर एकाच ओपीडीच्या रांगेत उभे असतात. सगळ्यांत डोके दुखते, सगळ्यांत अंग मोडून येते, पहिल्या तिन्हींत रक्तातल्या प्लेटलेट घसरतात. डेंगी असेल तर द्रव देत वाट पाहायची असते, हिवताप असेल तर त्याची वेगळी गोळी, लेप्टो असेल तर पेनिसिलिन किंवा डॉक्सीसायक्लिन, आणि तेही लवकर. लेप्टोची एलायझा चाचणी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणजे ज्या दिवसांत औषधाचा सर्वांत जास्त उपयोग, त्याच दिवसांत चाचणी 'नाही' म्हणू शकते. डॉक्टरला कागदाची वाट न पाहता, समोरच्या माणसाकडे बघून ठरवावे लागते.

समोरच्या माणसात काय बघायचे, हे नीट सांगण्यासारखे आहे. निवासी डॉक्टर खाटेशी येतो. रुग्णाचे डोळे लाल असतात, पण चिपडे नसतात, पाणीही येत नसते. पांढऱ्या भागावर नुसती लाली पसरलेली. डॉक्टर पांघरूण बाजूला करतो आणि दोन्ही पोटऱ्या हाताने दाबतो. अंग सगळ्याच तापांत दुखते, पण लेप्टोचा रुग्ण पोटरी दाबताच कळवळतो, कधी हात झटकून टाकतो. मग लघवीच्या पिशवीकडे नजर: सकाळपासून किती साठली, रंग कसा. डोळ्यांतल्या लालीखाली पिवळसर झाक दिसू लागली असेल तर यकृत दुखावले गेले आहे; पिशवी कालच्या इतकीच रिकामी असेल तर मूत्रपिंडे बंद पडू लागली आहेत. आणि तो विचारतो, "काका, पावसाच्या पाण्यातून चालत आला होतात का? कधी? पायाला काही लागलंय का?" रुग्णाला आठवते, बायको पायाचा अंगठा दाखवते. तारीख मोजली जाते. केसपेपरवर एक ओळ पडते आणि चाचणीचा निकाल यायच्या आधी पहिले इंजेक्शन दिले जाते.

ती एक ओळ केसपेपरवर पडते की नाही, यावर त्या ऑगस्टात खूप काही अवलंबून होते, असे माझे मत आहे. आणि ती पडायला हवी, हे मुंबईला २००५च्या आधीच समजलेले होते.

हा रोग नवा नाही. १८८६मध्ये हायडेलबर्गच्या अडॉल्फ वाइल या डॉक्टरने ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र असलेल्या रुग्णांचे वर्णन केले आणि तीव्र स्वरूपाच्या आजाराला त्याचे नाव लागले. जंतू सापडायला आणखी तीस वर्षे गेली. जपानमध्ये क्यूशू बेटावरच्या कोळशाच्या खाणींत कामगारांना हाच आजार वारंवार होई. खाणीत पाणी साचलेले असे आणि माणसे त्यात उभी राहून काम करत. फुकुओकाच्या विद्यापीठात रियोकिची इनादा आणि युताका इदो यांनी या खाणकामगारांच्या रक्तातून १९१५च्या सुमारास तो मळसूत्रासारखा वळलेला, टोकांना आकडे असलेला बारीक जंतू शोधून काढला. साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतही नाही. मागचा प्रकाश अडवून काळ्या पार्श्वभूमीवर पाहिला तरच तो चमकत, वळवळत जाताना दिसतो. जवळपास त्याच वेळी, पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जर्मन सैनिकांमध्ये जर्मन शास्त्रज्ञांनाही तो सापडला. १९१७मध्ये जपानी गटाने दाखवून दिले की तो उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. खाण, खंदक, भाताचे खाचर, पूर: जिथे माणूस अनवाणी किंवा जखमी कातडीने साचलेल्या गोड्या पाण्यात उभा राहतो तिथे हा रोग असतो. खाऱ्या पाण्यात तो फार टिकत नाही. गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत मात्र आठवडेच्या आठवडे जगतो. भारतात अंदमानात १९३०च्या आसपासच त्याची नोंद झालेली आहे. १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळानंतरही तो तापकऱ्यांच्या रक्तात सापडला.

आणि मुंबईत? जुलै २०००मध्ये शहरात असाच मोठा पाऊस झाला, वस्त्यांत पाणी शिरले. शीवच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ सुनील कारंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर तापाने आलेल्या मुलांची लेप्टोसाठी मुद्दाम तपासणी केली. तपासलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना लेप्टो निघाला. ही मुले पुराच्या पाण्यात खेळली होती, त्यातून चालली होती, किंवा त्यांच्या घरात पाणी आले होते. त्या निष्कर्षांचे शोधनिबंध २००५च्या आधी प्रसिद्ध झालेले होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी, मुंबईतल्या मुलांवर, मुंबईच्या पुरानंतर केलेले काम. खाजगी दवाखान्यात, चाळीच्या तोंडाशी, वीस-पन्नास रुपयांत तपासणाऱ्या फॅमिली डॉक्टरपर्यंत मात्र ते पुरेसे पोचले नव्हते. आणि ताप आला की मुंबईकर पहिल्या दिवशी केईएमला जात नाही. तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, तीन दिवसांच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतो, मग रक्त तपासतो, मग दुसऱ्या डॉक्टरकडे. डोळे पिवळे झाले तर काही घरांत कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन येणे होते. पाचसहा दिवस असे जातात. रुग्णालयाच्या दारात येईपर्यंत लेप्टोची पहिली अवस्था संपून दुसरी लागलेली असते.

दुसरी अवस्था वाईट. मूत्रपिंडे थांबली तर डायलिसिस करून माणूस परत येऊ शकतो, आणि आला तर बहुधा पूर्ण बरा होतो. लेप्टोची ही एक दिलासा देणारी बाजू आहे. फुप्फुसांत रक्तस्राव सुरू झाला तर वेळ तासांत मोजावी लागते. सकाळी थोडा खोकला, थुंकीत रक्ताची रेघ, दुपारी धाप, रात्री व्हेंटिलेटर, तोही रिकामा असेल तर. त्या ऑगस्टात पालिकेच्या रुग्णालयांत गेलेल्यांत कमावत्या वयाची माणसे पुष्कळ होती, कारण त्या रात्री पाण्यातून सर्वांत लांब चालत आली होती तीच. नायर रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने पुढे आपल्या प्रयोगशाळेतल्या नोंदी मांडल्या: आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत २००५मध्ये लेप्टोचे रुग्ण आठपट झाले होते.

रुग्णालयाच्या नोंदवहीत पूर किती उशिरापर्यंत दिसत राहतो, याची मला माहीत असलेली दोन उदाहरणे मुंबईबाहेरची आहेत, आणि दोन्ही विसरता येण्यासारखी नाहीत.

पहिले दिल्लीचे. १९५५च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला आणि तिच्या प्रवाहाने जागा बदलली. वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचलले जाई, तिथे नजफगड नाल्याचे सांडपाणी येऊन मिळाले. पाणीपुरवठा खात्यातल्या लोकांना घोटाळा कळला. त्यांनी क्लोरीन वाढवले. ते कामही झाले: विषमज्वर आणि आमांश वाढले नाहीत, आणि सगळ्यांना वाटले की निभावले. साधारण सहा आठवड्यांनी, डिसेंबर-जानेवारीत, दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू क्लोरीनने मेले होते, विषाणू मेला नव्हता. गरोदर बायकांच्या वाट्याला हा आजार विशेष क्रूरपणे आला. तो कोणता विषाणू, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हते. सगळे त्याला साधी साथीची कावीळ म्हणत राहिले. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पाव शतकाने, १९८०मध्ये, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या खुर्शीद पावरी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी ते तपासून दाखवले की ही ना 'ए' कावीळ होती, ना 'बी'. पुढे त्या अज्ञात विषाणूला हिपॅटायटिस ई असे नाव मिळाले. एका पुराच्या पाण्याने काय केले, याचे उत्तर जपून ठेवलेल्या नमुन्यांतून यायला पंचवीस वर्षे लागली. खुर्शीद पावरी त्या वेळी संस्थेच्या संचालक होत्या. मराठी वाचकाला हे नाव आज जितके परिचित असायला हवे तितके नाही, याची मला खंत वाटते.

दुसरे मदुराईचे. १९९३च्या शेवटी तिथे मोठा पूर आला. त्यानंतरच्या महिन्यांत अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्याच्या आतल्या पडद्यांना सूज आलेले रुग्ण नेहमीपेक्षा खूपच जास्त येऊ लागले. डोळा लाल, नजर धूसर, उजेड सहन होत नाही. ताप केव्हाच येऊन गेलेला. तिथल्या डॉक्टर शिवकुमार रतिनम आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा मूळ लेप्टोमध्ये निघाले. पुराच्या वेळचा साधा ताप म्हणून जे विसरले गेले होते ते महिन्यांनंतर डोळ्याच्या दवाखान्यात वर आले. नेत्रतज्ज्ञाने रुग्णाला 'पुराच्या पाण्यात गेला होतात का' असे विचारावे, हे कुणाच्या सहजी मनात येणार नाही. मदुराईत ते आले.

आता रुग्णालयाच्या इमारतीकडे वळायला हवे, कारण पूर रुग्णाच्या पायांवरूनच आत येतो असे नाही. कधी तो दारातून येतो. परळ, हिंदमाता, दादर टीटी, शीव, किंग्ज सर्कल हा पट्टा मुंबईतला सखल भाग. शहराची मोठी सार्वजनिक रुग्णालये नेमकी याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला उभी आहेत. २९ ऑगस्ट २०१७ला सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला आणि केईएमच्या तळमजल्यावरच्या वॉर्डांत पाणी शिरले. लहान मुलांच्या वॉर्डातली मुले उचलून वरच्या मजल्यावर नेली. रुग्ण हलवताना सलाईनची बाटली एका हातात, मूल दुसऱ्या हातात, जिन्यावर आया, मावशी, वॉर्डबॉय, शिकाऊ डॉक्टर सगळे एकत्र, असे ते काम असते. मुलाला वरच्या मजल्यावरच्या ज्या वॉर्डात नेतात तो रिकामा नसतो. तिथेही आधीच मुले असतात. एका खाटेवर दोन रुग्ण झोपवले की एकाचा खोकला, एकाचे जुलाब दुसऱ्याच्या वाट्याला येतात. खाली पाणी ओसरल्यावर भिंती ओल्या राहतात, बुरशी धरते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली आहे त्यांना तीच हवा श्वासात घ्यावी लागते. तळमजल्यावर काय ठेवायचे आणि काय ठेवायचे नाही हा वास्तुविशारदाचा प्रश्न वाटतो, पण जनरेटर, ऑक्सिजन, रक्तपेढी आणि अपघात विभाग कुठे आहेत यावर पुराच्या रात्री माणसे जगतात किंवा मरतात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा तिथल्या एका कोविड रुग्णालयात वीज गेली आणि गंभीर रुग्ण दगावले.

२०१७ची दुसरी बाजू मात्र आशेची आहे, आणि ती २००५ने शिकवलेली आहे.

डॉक्सीसायक्लिनच्या गोळीने लेप्टो होण्याआधीच रोखता येतो, याचा भक्कम पुरावा १९८४मध्ये छापून आला होता. पनामाच्या जंगलात प्रशिक्षणाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन दिले, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. खोटी गोळी घेणाऱ्यांत २० जणांना लेप्टो झाला, खरी घेणाऱ्यांत एकाला. अंदमानात २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चित्र थोडे वेगळे दिसले: गोळीने संसर्ग टळला नाही, पण आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले. तरुण, धडधाकट सैनिक आणि पुरात अडकलेले शहर यांत फरक आहे, आणि लाखो लोकांना प्रतिजैविक वाटण्याचे स्वतःचे तोटे आहेत. म्हणून या प्रश्नावर डॉक्टरांत वाद आहे, आणि तो वाद प्रामाणिक आहे.

२००५च्या ऑगस्टात मुंबईत असे संरक्षण वेळेवर मिळालेले लोक थोडे होते. २०१५च्या जून-जुलैत, मोठ्या पावसानंतर दहिसर-बोरिवली-मालाडकडे लेप्टोने पुन्हा माणसे नेली तेव्हा पालिकेचे आरोग्य खाते घरोघर फिरले. २०१७ला पालिकेने वाट पाहिली नाही. पाणी ओसरताच आरोग्य सेविका वस्त्यांत गेल्या, पाण्यातून चालून आलेल्यांना २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरला भेटून डॉक्सीसायक्लिन घ्यायला सांगितले गेले, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी दुसरे औषध ठरवले गेले. तेव्हा केईएमचे अधिष्ठाते असलेल्या डॉ. अविनाश सुपे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी या मोहिमेचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात मांडला. ज्या रुग्णालयाच्या वॉर्डांत पाणी शिरले होते, त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शहराला पुढच्या पंधरवड्यातून सांभाळून नेण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मला ही घटना मोठी वाटते. तिची छायाचित्रे नाहीत, कारण न आलेल्या तापाचे छायाचित्र निघत नाही.

पालिकेच्या सूचनांत आता जोखमीप्रमाणे गट पाडलेले आहेत. पाण्यातून एकदाच गेलेला आणि अंगावर जखम नसलेला माणूस पहिल्या गटात. त्याला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखम घेऊन गेलेला दुसऱ्या गटात. अनेक दिवस त्या पाण्यात आणि गाळात उभे राहावे लागलेला तिसऱ्या गटात, आणि त्याला सहा आठवड्यांपर्यंत दर आठवड्याला गोळी. या तिसऱ्या गटात प्रामुख्याने येतात ते सफाई कामगार, मॅनहोल उघडून बसणारे, मढी उचलणारे, पंपावरचे लोक. २००५च्या जुलैअखेर मुंबईतला गाळ आणि १६ हजार जनावरे याच लोकांनी उचलली, बहुतेकांनी गमबूट आणि हातमोज्यांशिवाय. कायम नोकरीतल्या कामगाराची नोंद वॉर्ड ऑफिसात असते, म्हणून गोळी त्याच्यापर्यंत पोचवता येते. कंत्राटी कामगाराचे नाव कंत्राटदाराच्या वहीत असते, आणि ती वही आरोग्य सेविकेच्या हाती सहजी येत नाही. लेप्टोची मोहीम अजून अडखळते ती इथे.